वाग्गेयकारांचा संग्रह : 'फास्ट फोक म्युझिकल मॅगझिन' आणि स्वतंत्र गीतकार-गायकांची चिंतनपर गाणी

प्रस्तावना

संगीताचा इतिहास बहुधा नामवंतांच्या आधारे लिहिला जातो. ज्यांच्या ध्वनिमुद्रिका खपल्या, ज्यांना पारितोषिके मिळाली, त्यांची नावे ग्रंथांत येतात. ज्यांनी आयुष्यभर गाणी लिहिली, लहानशा खोलीत पंधरा-वीस श्रोत्यांसमोर गायिली आणि उपजीविकेसाठी दुसरेच काम केले, त्यांची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. अशा कलावंतांची गाणी एकत्र आणणारा संकलित अल्बम या दृष्टीने महत्त्वाचे साधन ठरतो. तो एकाच वेळी कलाकृती असतो आणि दस्तऐवजही असतो.

प्रस्तुत लेखात न्यूयॉर्क शहरात १९८२ ते १९९७ या काळात चाललेल्या 'फास्ट फोक म्युझिकल मॅगझिन' या उपक्रमाचा आणि त्यातील निवडक गाण्यांच्या, २००२ साली स्मिथसोनियन फोकवेज या संस्थेने प्रकाशित केलेल्या 'फास्ट फोक : अ कम्युनिटी ऑफ सिंगर्स अँड साँगरायटर्स' या दोन सीडींच्या संकलनाचा परिचय करून दिला आहे. साहित्य, संगीत, ग्रंथालयशास्त्र आणि ध्वनितंत्रज्ञान अशा निरनिराळ्या शाखांच्या अभ्यासकांना या विषयात विचार करण्याजोगे बरेच काही सापडेल.

'गीतकार-गायक' ही संज्ञा

इंग्रजीतील 'सिंगर-साँगरायटर' या शब्दाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. 'गीतकार-गायक' हा जोडशब्द सोयीचा आहे, पण अपुरा आहे. कारण त्यात चाल बांधणाऱ्याचा उल्लेख येत नाही. भारतीय संगीतशास्त्रात मात्र यासाठी जुना आणि नेमका शब्द उपलब्ध आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात 'वाग्गेयकार' या संज्ञेचे विवेचन आहे. 'वाक्' म्हणजे शब्दरचना, तिला 'मातु' म्हटले आहे. 'गेय' म्हणजे स्वररचना, तिला 'धातु' म्हटले आहे. या दोन्हींची निर्मिती जो करतो तो वाग्गेयकार. शार्ङ्गदेवाने त्याचे उत्तम, मध्यम आणि अधम असे प्रकारही सांगितले आहेत. आजच्या दौलताबादच्या परिसरात सिद्ध झालेली ही संज्ञा सातशे वर्षांनंतरच्या न्यूयॉर्कमधील गिटारवादकांना इतकी चपखल लागू पडावी, ही मौजेची गोष्ट आहे.

मराठी भावगीताची घडण याहून भिन्न आहे. तेथे कवी, संगीतकार आणि गायक या तीन व्यक्ती असणे हीच सर्वसाधारण रीत होती. गायक आणि संगीतकार एकच असल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. सुधीर फडके यांनी ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांना चाली दिल्या आणि त्या गायिल्याही. परंतु शब्दही स्वतःचे, चालही स्वतःची आणि कंठही स्वतःचा ही परंपरा आपल्याकडे मुख्यतः कीर्तनकार आणि शाहीर यांनी चालविली. वामनदादा कर्डक हे तिचे विसाव्या शतकातील ठळक उदाहरण होय. या परंपरेतील गाण्याचा रोख मात्र समूहाकडे असतो. अमेरिकन गीतकार-गायकाचे गाणे एका व्यक्तीने, जणू एकाच व्यक्तीला उद्देशून, खालच्या पट्टीत सांगितलेले असते.

पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेज हा भाग १९६०च्या दशकात लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनासाठी प्रसिद्ध होता. त्याच काळात, १९६२ साली, सिस कनिंगहॅम आणि गॉर्डन फ्रीझन या दांपत्याने 'ब्रॉडसाइड' हे छोटे नियतकालिक सुरू केले. चालू घटनांवरील नवी गाणी शब्द आणि स्वरलिपीसह त्यात छापली जात. मिमिओग्राफ यंत्रावर काढलेल्या त्या साध्या पानांतून बॉब डिलन यांची सुरुवातीची गाणी प्रथम वाचकांसमोर आली. 'ब्रॉडसाइड' १९८८पर्यंत टिकले.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले होते. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचे लक्ष डिस्को आणि रॉक संगीताकडे गेले होते. एकट्याने गिटार घेऊन गाणाऱ्याला विचारणारे कोणी उरले नव्हते. अशा वेळी १९७७मध्ये कॉर्नेलिया स्ट्रीटवर एक लहानसे उपाहारगृह सुरू झाले आणि तेथे 'साँगरायटर्स एक्स्चेंज' नावाची गीतकारांची नियमित बैठक भरू लागली. नवे गाणे आणावयाचे, सर्वांसमोर गावयाचे आणि त्यावर चर्चा ऐकावयाची, असे तिचे स्वरूप होते. या बैठकीतील गाण्यांचा 'कॉर्नेलिया स्ट्रीट : द साँगरायटर्स एक्स्चेंज' हा संकलित अल्बम १९८० साली स्टॅश रेकॉर्ड्सने काढला. पुढे जे घडले त्याची ही पहिली खूण मानता येईल. (हे उपाहारगृह २०१९च्या प्रारंभी बंद झाले.)

याच वर्तुळातील जॅक हार्डी (१९४७–२०११) हे 'फास्ट फोक'चे संस्थापक. त्यांच्या ह्यूस्टन स्ट्रीटवरील छोट्या घरी दर सोमवारी गीतकार जमत. यजमान सर्वांसाठी पास्ता शिजवीत आणि मग गाणी ऐकली जात. नियम एवढाच, की गाणे त्या आठवड्यात लिहिलेले असावे. वरवर साधा दिसणारा हा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. आठवड्याला एक गाणे लिहिणाऱ्याची बहुसंख्य गाणी सामान्य होणार, हे उघड आहे. हार्डी यांना ते मान्य होते. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्या कवीपेक्षा नित्य बैठक मारणारा कारागीर त्यांना अधिक विश्वासार्ह वाटत असावा, असे या नियमावरून दिसते. आपल्याकडील रियाजाच्या कल्पनेशी हे जुळते. फरक असा, की येथे रियाज कंठाचा नसून रचनेचा आहे.

मासिक आणि ध्वनिमुद्रिका

१९८१च्या सुमारास मॅकडूगल स्ट्रीटवर, एका फलाफल विकणाऱ्या उपाहारगृहाच्या मागील भागात, कलावंतांनी सहकारी तत्त्वावर 'स्पीकइझी' नावाचा क्लब चालविण्यास घेतला. कार्यक्रम ठरविणे, दारावर बसणे, ध्वनिवर्धक सांभाळणे ही कामे गायकच वाटून घेत. साखर आणि दूध यांच्या सहकाराशी परिचित असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला गाण्याचा सहकार कदाचित नवा वाटेल. या सहकारातूनच फेब्रुवारी १९८२मध्ये मासिक निघाले. त्याचे पहिले नावही 'को-ऑप' असेच होते. पुढे ते 'फास्ट फोक म्युझिकल मॅगझिन' झाले. 'फास्ट फूड'वरील ही कोटी उघड आहे.

प्रत्येक अंकाचे दोन भाग असत : छापील मासिक आणि एक दीर्घवादन तबकडी. मासिकात गाण्यांचे शब्द, लेख आणि परीक्षणे येत. तबकडीवर निरनिराळ्या कलावंतांची गाणी असत. शेवटच्या वर्षांत तबकडीची जागा सीडीने घेतली. ध्वनिमुद्रणाची बरीचशी जबाबदारी मार्क डॅन या वादक-तंत्रज्ञाने सांभाळली. संपादनाच्या कामात पुढे रिचर्ड मेयर यांचा मोठा वाटा होता. विक्री मुख्यतः वर्गणीदारांना होत असे. व्यवहार ना-नफा तत्त्वावर चाले आणि श्रम बहुतांशी विनामोबदला असत. १९९७पर्यंत एकूण १०५ अंक निघाले. त्यांत सहाशेहून अधिक कलावंतांचा सहभाग होता. बोस्टनसारख्या अन्य शहरांतील गीतकारांसाठी स्वतंत्र अंकही काढण्यात आले.

नावातील 'फास्ट' हा शब्द निव्वळ विनोदासाठी नव्हता. गाणे लिहिले गेले की अल्पावधीत, कमीत कमी खर्चात ते मुद्रित व्हावे, ही भूमिका त्यामागे होती. व्यावसायिक अल्बमला वर्ष-दीड वर्ष लागे. तोवर गीतकाराच्या दृष्टीने गाणे जुने झालेले असे. 'फास्ट फोक'च्या तबकड्यांवर म्हणूनच एक प्रकारचा कच्चेपणा आहे. काही ठिकाणी स्वर किंचित हलतो, गिटारच्या तारेवर सरकणारे बोट ऐकू येते. चोखंदळ श्रोत्याला हा दोष वाटेल आणि सर्वच ठिकाणी त्याचे समर्थन करता येणार नाही. दुबळी गाणीही या अंकांत पुष्कळ आहेत. तथापि मासिकाचा अंक आणि ग्रंथ यांना एकच मोजपट्टी लावणे योग्य नाही. महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकातील कविता वाचताना प्राध्यापक जो विवेक दाखवितात, तोच येथेही दाखवावा लागतो : आजचे गुण कमी असतील, पण हात कोणाचा आहे हे ओळखावयाचे असते.

तो हात ओळखण्यात हे मासिक अनेकदा यशस्वी ठरले. सुझान व्हेगा, शॉन कोल्विन, लायल लव्हेट, ट्रेसी चॅपमन यांची गाणी त्यांना मोठ्या कंपन्यांनी करारबद्ध करण्यापूर्वी 'फास्ट फोक'मध्ये येऊन गेली होती. चॅपमन यांचे गाणे १९८६च्या अंकात आहे. त्यांचा पहिला अल्बम १९८८मध्ये निघाला आणि जगभर गाजला. याउलट ल्युसी कॅप्लान्स्की यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. व्हिलेजमधील या मंडळीत त्यांचे नाव होते. पण त्यांनी गाणे बाजूला ठेवून चिकित्सा-मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली, व्यवसाय केला आणि पहिला स्वतंत्र अल्बम १९९४ साली काढला.

गाण्यातील 'मी'

या गाण्यांना 'चिंतनपर' म्हणताना एक खुलासा आवश्यक आहे. चिंतन म्हणजे तत्त्वज्ञान सांगणे नव्हे. या प्रकारातील चांगले गाणे मते मांडत नाही. ते एखाद्या क्षणापाशी थांबते, भोवतालच्या वस्तू न्याहाळते आणि त्या न्याहाळण्यातूनच निवेदकाची मनःस्थिती कळू देते. आणि तो निवेदक म्हणजे कवी असेलच असे नाही. सुझान व्हेगा यांचे 'लुका' (१९८७) हे गाणे या दृष्टीने वर्गात शिकविण्याजोगे आहे. त्यातील 'मी' हा घरात मारहाण सोसणारा एक मुलगा आहे. तो वरच्या मजल्यावर राहतो आणि ऐकणाऱ्याला शेजारी मानून बोलतो. तो तक्रार करीत नाही, उलट काही विचारू नका असेच सुचवितो. अत्याचाराचे वर्णन गाण्यात जवळजवळ नाही. आहे ते लपविणे. श्रोता शेजाऱ्याच्या जागी उभा केला जातो आणि शेजाऱ्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. असा विषय असूनही हे गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

भावगीत किंवा भावकविता शिकविताना विद्यार्थी 'मी' या सर्वनामाचा अर्थ सरसकट कवीचे चरित्र असा घेतात, हा अध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. गायक स्वतःच गीतकार असेल, तर हा गैरसमज दुप्पट होतो, कारण शब्द आणि देह एकत्र दिसतात. 'लुका'सारखे गाणे तो सहज दूर करते.

एका गाण्याचा प्रवास

'फास्ट फोक'च्या जानेवारी १९८४च्या अंकात व्हेगा यांचे 'टॉम्स डायनर' हे गाणे प्रथम मुद्रित झाले. मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे आणि ११२वा रस्ता यांच्या कोपऱ्यावरील 'टॉम्स रेस्टॉरंट' हे त्याचे स्थळ. सकाळची वेळ, कॉफीचा पेला, वर्तमानपत्र, खिडकीबाहेरचा पाऊस, येणारी-जाणारी माणसे आणि शेवटी कोणाची तरी आठवण, एवढाच ऐवज आहे. गाण्याला कोणत्याही वाद्याची साथ नाही. केवळ मानवी स्वर आहे. हेच गाणे १९८७च्या 'सॉलिट्यूड स्टँडिंग' या अल्बमच्या आरंभी, पुन्हा साथीविना, आले.

यापुढील इतिहास संगीताच्या कक्षेबाहेरचा आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी ध्वनी लहान आकारात साठविण्याच्या पद्धतीवर संशोधन करीत होते. तीच पुढे 'एमपी३' म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे तत्त्व कानाच्या मर्यादेवर आधारलेले आहे. मोठ्या आवाजाच्या निकट असलेला, त्याच्याशी मिळत्याजुळत्या कंप्रतेचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. तो झाकला जातो. जे ऐकूच येणार नाही ते साठवून ठेवण्याचे कारण नाही, म्हणून ते गाळावयाचे. सीडीवरील ध्वनीला दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात, तेथे एमपी३मध्ये १२८ किलोबिटांत काम भागते ते यामुळे. वाद्यवृंदाच्या गजबजाटात या गाळणीने निर्माण होणारे दोषही झाकले जातात. परंतु एकटा, उबदार, मोकळा मानवी स्वर असेल तर त्यांना लपायला जागा राहत नाही. ब्रांडेनबुर्ग यांनी १९८७च्या अल्बममधील 'टॉम्स डायनर' या पद्धतीतून काढून पाहिले, तेव्हा तो स्वर विद्रूप झालेला आढळला. मग हेच गाणे कसोटीचे माध्यम ठरले. ते शेकडो वेळा ऐकून पद्धतीत सुधारणा करण्यात आल्या. पुढे ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाली आणि १९९५मध्ये तिच्या फाइलींना 'एमपी३' हे नाव मिळाले.

कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या एका गीतप्रकारातील, तेही सर्वांत उघडेवाघडे गाणे, ध्वनितंत्रज्ञानाची परीक्षा पाहणारे ठरले यात योगायोगाचा भाग आहेच. तरीही त्यात या गीतप्रकाराचे एक लक्षण दिसते. साथ कमी असल्याने या गाण्यात काहीच झाकता येत नाही. शब्दांतील खोटेपणाही नाही. याच गाण्यावर १९९०मध्ये 'डीएनए' या इंग्लंडमधील दोघा निर्मात्यांनी परवानगी न घेता नृत्याचा ठेका चढविला. कंपनीने त्यांच्यावर खटला भरण्याऐवजी ते अधिकृतपणे प्रकाशित केले आणि ते मूळ गाण्यापेक्षा कितीतरी अधिक खपले. व्हेगा यांनी या गाण्याची निरनिराळ्या लोकांनी केलेली रूपे गोळा करून 'टॉम्स अल्बम' (१९९१) हे संकलनही काढले. एकाच गाण्याचे संकलन हा प्रकार तसा विरळाच.

संकलन आणि जतन

'फास्ट फोक' १९९७मध्ये थांबले. संगणकावरून गाणी फुकट मिळू लागल्यामुळे ते बंद पडले, असे कोणी म्हणेल तर कालक्रम त्याच्या विरुद्ध जातो. गाण्यांच्या देवाणघेवाणीसाठी गाजलेली 'नॅपस्टर' ही सेवा १९९९ची आहे. या उपक्रमाचे खरे महत्त्व तो बंद पडल्यानंतरच्या व्यवस्थेत आहे. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेने १९९९मध्ये त्याची मूळ ध्वनिमुद्रणे आणि कागदपत्रे आपल्या लोकजीवन संग्रहात घेतली. या संस्थेची पूर्वपीठिका येथे सांगितली पाहिजे. मोझेस ॲश यांनी १९४८मध्ये 'फोकवेज रेकॉर्ड्स' ही कंपनी स्थापन केली आणि सुमारे चार दशकांत दोन हजारांवर अल्बम काढले. त्यांत लोकगीते होती तशी बेडकांचे आवाजही होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७मध्ये, हा संग्रह स्मिथसोनियनने घेतला तो एका अटीवर : कोणतेही शीर्षक, खपो वा न खपो, अनुपलब्ध होता कामा नये. 'फास्ट फोक'चे अंकही याच न्यायाने मागणीनुसार उपलब्ध राहिले.

२००२चे दोन सीडींचे संकलन हा या साठ्याचा दर्शनी भाग होय. त्यात व्हेगा आणि लव्हेट यांच्या शेजारी अशा अनेक गीतकारांना स्थान दिले आहे, की ज्यांची नावे व्हिलेजबाहेर फारशी कोणाला माहीत नाहीत. शीर्षकात 'समुदाय' हा शब्द योजला आहे, तो विचारपूर्वकच. तथापि येथे एक अडचण संभवते. शेकडो गाण्यांतून काही मोजकी निवडताना, नंतर प्रसिद्ध झालेल्यांना वगळणे संपादकाला शक्य नसते. आणि त्यांना घेतले की ऐकणारा बाकीच्यांकडे 'प्रसिद्ध न झालेले' म्हणून पाहू लागतो. १९८४ सालच्या वर्गणीदारासमोर असा भेद नव्हता. त्याला सर्वच नावे सारखी अपरिचित होती. ज्या समतेवर मूळ उपक्रम उभा होता, ती निवडक संकलनात पूर्णपणे टिकणे अवघड आहे. म्हणून अभ्यासकाने संकलनावर न थांबता मूळ अंकांकडे जावे हे उचित. अंकांसोबतची छापील पानेही संस्थेने वाचकांसाठी खुली केली आहेत, त्यामुळे गाणे आणि त्याभोवतीची चर्चा एकत्र पाहता येते.

'ब्रॉडसाइड'ची मिमिओग्राफ केलेली पाने आणि आपल्याकडील लघुनियतकालिके यांच्यात दृश्य साम्य आहे. १९५०च्या दशकात मुंबईत निघालेले 'शब्द' हे असेच चक्रमुद्रित अनियतकालिक होते. अरुण कोलटकर (मृत्यू २००४) आणि दिलीप चित्रे यांचा त्यात पुढाकार होता. कोलटकरांच्या कवितेला अशा नियतकालिकांनी जागा दिली. परंतु १९७०च्या दशकाच्या प्रारंभी कोलटकरांनी इंग्रजीत गाणी लिहिली, त्यांना चाली लावल्या आणि काही ध्वनिमुद्रितही केली, ही गोष्ट मराठी वाचकांना त्या मानाने कमी ठाऊक आहे. त्यांच्यासाठी तबकडी काढणारे लघुनियतकालिक मुंबईत नव्हते आणि या गाण्यांतून व्यावसायिक ध्वनिमुद्रिका निघाली नाही. त्यांचे शब्द अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या संग्रहात २००९ साली, कवीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, छापले गेले.